मागचे ब्रेक पॅड आधी संपले, आता कारण शोधा

आपल्याकडे पिकअप म्हटलं की मागे ड्रम, ड्रममध्ये लायनर, आणि ‘मागचं काय, चालतंय की’ हा भरवसा. अमेरिकेत मोठ्या पिकअपला चारही चाकांना डिस्क असते. पहिल्यांदा पॅड बदलायची वेळ येते तेव्हा धक्का बसतो, कारण पुढचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असतात आणि मागचे पत्र्याला टेकलेले असतात. ब्रेक मारताना वजन पुढे जातं आणि पुढची चाकं जास्त काम करतात, हे आपण सगळे शिकलोय. मग मागचे आधी कसे संपले? गॅरेजात विचारलं तर ‘नॉर्मल आहे’ असं उत्तर येतं. ते उत्तर अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच पुढचा पॅडचा सेटही वाया जातो.

आधी खरा अर्धा. मागचा पॅड नवा असतानाच बहुधा पुढच्यापेक्षा पातळ असतो. हलका ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली जाऊ नये म्हणून आजची इलेक्ट्रॉनिक ब्रेक वाटणी मागच्या चाकांना पूर्वीपेक्षा जास्त काम देते. शिवाय स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा. अमेरिकेत १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना ते २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीचं आहे. रिकाम्या पिकअपचं मागचं चाक ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर जागच्या जागी फिरायला लागलं की ही यंत्रणा त्याच चाकाचा ब्रेक धरते, पेडलला पाय न लावता. म्हणजे मागचे पॅड थोडे आधी संपणं हा दोष नव्हे. दोष आहे की नाही ते पॅड किती झिजले यावरून कळत नाही, कसे झिजले यावरून कळतं.

म्हणून जुने पॅड काढले की लगेच कचऱ्यात टाकू नका. मार्करने मागच्या पत्र्यावर लिहा: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. चारही ओळीने मांडा आणि व्हर्नियरने प्रत्येकाची जाडी दोन्ही टोकांना मोजा, पत्रा सोडून फक्त मसाल्याची, म्हणजे घासणाऱ्या थराची. चारही सारखे झिजले असतील तर यंत्रणा बहुधा ठीक आहे (एक अपवाद पुढे रबरी पाइपपाशी येईल) आणि कारण वापरात आहे: जास्त वजन, ट्रेलर, उतारावरचे रस्ते. ट्रेलर ओढत असाल तर ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चालतात का आणि कंट्रोलरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते सेटिंग) कमी ठेवलाय का हे आधी बघा. ट्रेलरने आपलं ओझं स्वतः थांबवलं नाही तर ते पिकअपच्या पॅडवर येतं.

एकाच चाकाचा आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जाड आहे? मग कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना जाम आहेत. या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आत असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन सरकली नाही की सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर पडतं. पॅड एका टोकाला ३ आणि दुसऱ्या टोकाला ७ मिलिमीटर, असा पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन किंवा पॅडचा एक कान अडकलाय. एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि दुसऱ्या बाजूच्या मागच्या चाकाचे शाबूत आहेत, तर संशय पिस्टनवर घ्या. ज्या गाड्यांत हँडब्रेक कॅलिपरमधूनच चालतो तिथे गंजलेल्या केबलवरही घ्या.

रबरी पाइप विसरू नका. बाहेरून तो चांगला दिसतो, पण आतलं अस्तर सुटलं की पेडलचा दाब जातो आणि परत येत नाही. तपासणी सोपी आहे. चाक उचलून पेडल दाबा, सोडा, चाक हाताने फिरवा. अडकत असेल तर ब्लीडरचं निपल (कॅलिपरमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर आत दाब कोंडलेला होता, तेव्हा पाइप बघा. मोकळं झालं नाही तर अडकण यांत्रिक आहे. सरळ अॅक्सलच्या बऱ्याच पिकअपमध्ये चासीवरून अॅक्सलवर एकच रबरी पाइप उतरतो आणि तिथून त्याचे दोन्ही चाकांकडे फाटे जातात. तो बिघडला तर दोन्ही बाजूंचे पॅड सारखेच खाल्ले जातात आणि ‘वापरच जास्त आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

थंड राज्यांत मात्र बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो, मीठ. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडचं पाणीही असतं. पुढची चाकं ते सगळं उडवून मागच्या कॅलिपरवर मारतात. आपल्या कोकणात खाऱ्या हवेने पत्रा खातो हे माहीत असलेल्या माणसालाही इथला गंज बघून गप्प व्हायला होतं. कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे स्टीलची पातळ क्लिप असते. क्लिप गंजत नाही, म्हणून वरून सगळं चकचकीत दिसतं. गंज तिच्या खाली, ब्रॅकेटच्या बिडावर धरतो. गंजलेलं लोखंड फुगतं, क्लिपला उचलतं, खाच अरुंद होते आणि पॅडचा कान चिमटीत धरल्यासारखा अडकतो. ब्रेक सोडला तरी पॅड मागे येत नाही, डिस्कला घासतच राहतो. जुन्या क्लिपांवर नवे पॅड हातोडीने ठोकून बसवले तर ते पहिल्या दिवसापासून घासतात.

इथल्या कामाच्या पद्धतीबद्दल माझी तक्रार इथेच आहे. मजुरीचा तास महाग, त्यामुळे ब्रॅकेट घासत बसण्यापेक्षा पॅड, डिस्क, कॅलिपर सगळं एकदम बदलायचा सल्ला मिळतो. आपल्याकडचा मिस्त्री पिन रॉकेलमध्ये टाकतो, पॉलिश पेपरने घासतो आणि तोच कॅलिपर पुन्हा चालवतो. वस्तू जगवायची ती नजर इथे फार कमी दिसते आणि तिचा मला अभिमान आहे. पण हेही मान्य करायला हवं की तोच मिस्त्री शेवटी चासीला लावायचं ग्रीस त्या पिनेला फासतो. खनिज तेलाच्या ग्रीसने पिनेचं रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा घट्ट होते. पिनेला सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक ग्रीसच हवं, तेही पातळ थराने. भोकात ग्रीस कोंबलं तर हवा अडकते आणि पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते.

आता प्रत्यक्ष काम. सपाट जमीन, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक सोडलेला. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा आणि अॅक्सलखाली घोडी (पक्का टेकू) द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बघून जोडता येते. कॅलिपर काढला की तारेने स्प्रिंगला टांगा, रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका.

पिस्टन मागे दाबण्यापूर्वी हँडब्रेक कोणत्या प्रकारचा आहे ते नक्की करा. डिस्कच्या टोपीत (मधल्या फुगीर भागात) ड्रमसारखे छोटे शू असतील तर पिस्टन सी क्लॅम्पने सरळ दाबला जातो. केबल थेट कॅलिपरला येत असेल तर बहुधा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. आणि कॅलिपरच्या पाठीवर छोटी मोटर असेल तर हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक आहे. आधी स्कॅन टूलने, किंवा त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने, सर्व्हिस मोड लावून मोटर मागे घ्यावीच लागते. क्लॅम्पने जबरदस्ती केली की आतली यंत्रणा मोडते आणि पॅडच्या कामाचं कॅलिपरचं काम होतं. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वरच्या डबीत चढतं, डबी भरलेली असेल तर थोडं काढून घ्या. रंगावर सांडलं तर रंग उचलतं.

दोन्ही पिना बाहेर काढा. बऱ्याचदा एकीला टोकाशी रबराची बाही असते, ती कोणत्या भोकातली ते लिहून ठेवा, कारण अदलाबदल केली तर पुन्हा जाम. खड्डे पडलेली पिन घासत बसू नका, नवी घ्या, तिच्या रबरी बूटसकट. मग ब्रॅकेट काढून क्लिपा उचका आणि खालचा गंज कानसीने आणि वायर ब्रशने उजळ लोखंड दिसेपर्यंत काढा. नव्या क्लिपा बसवून नवा पॅड खाचेत ठेवा. तो बोटाने ढकलला की सरकला पाहिजे. सरकत नसेल तर अजून गंज आहे. पॅडचा कान कानसीने बारीक करणं हा उपाय नाही. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

डिस्क हबला गंजाने चिकटलेली असते. तिच्यात आट्यांची दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट आळीपाळीने आवळत ती ढकलून काढता येते. आत शू असतील आणि टोपीच्या आतल्या ड्रमला कड आलेली असेल तर आधी शू जुळवायची आतली चक्री फिरवून शू सैल करा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली किंवा आतल्या तोंडाला खोल चरे असले तर बदला. हबचं तोंडही घासा, गंजाची एक खपली मागे राहिली तरी डिस्क लचकत फिरते आणि पेडल पायाखाली थरथरतं.

पॅड घेताना खोक्यावर छापलेलं झाडाच्या पानांचं चिन्ह बघा, त्यावरून मसाल्यात तांबं किती कमी आहे ते कळतं. या देशातल्या मला मनापासून आवडलेल्या नियमांपैकी हा एक आहे. पॅडच्या मसाल्यातलं तांबं पावसाबरोबर ओढ्यात उतरतं आणि सॅमन माशाची वास घेण्याची शक्ती बिघडवतं. म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. २०२१ पासून तांबं ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पासून ०.५ टक्क्यांखाली. तीन पानं आणि पॅडच्या कडेवर ‘एन’ असेल तर तो सर्वांत कडक पातळीचा. माशाच्या नाकासाठी ब्रेकचा मसाला बदलायला लावला! त्याच कडेवर ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी जोडी असते. पहिलं अक्षर कमी तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. वजन किंवा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं नको.

जोडताना ब्रॅकेटचे बोल्ट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यानेच आवळा, बऱ्याच गाड्यांना तिथे नवे बोल्ट किंवा थ्रेडलॉक सांगितलेलं असतं. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने: शेवरलेच्या सिल्व्हरॅडो १५०० ला १४० फूट-पौंड, फोर्डच्या २०१५ नंतरच्या एफ-१५० ला १५०. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून सावकाश ब्रेक लावून गाडी थांबवत आणा, मध्ये ३० सेकंद थंड होऊ द्या, असं ३० वेळा. बरेच पॅडवाले हेच सांगतात. शेवटी आठ-दहा मैल ब्रेक कमीत कमी वापरून चालवा आणि उतरून लगेच मागच्या दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. दोन्ही जवळपास सारखे आले तर काम झालं. एक बाजू ठळक जास्त तापलेली असेल तर तेच चाक पुन्हा उचला आणि निपलची तपासणी करा. नट ५० ते १०० मैलांनी पुन्हा टॉर्कवर तपासा. मिठाचा हंगाम सरला की पाण्याच्या जोराने खालून धुताना होज मागच्या कॅलिपरवर धरा, आणि वर्षातून एकदा पिना बाहेर काढून ग्रीस बदला.