गार सालातली शार्डोने

शार्डोने या पांढऱ्या वाइनचं नाव काढलं की नाक मुरडणारे बरेच जण भेटतात. त्यांची तक्रार ठरलेली: तोंडभर लोणी, वर लाकडाचा वास. तक्रार खोटी नाही, पण तिच्यात द्राक्षाचा दोष कमी आणि वाइन करणाऱ्याच्या हौसेचा जास्त. ही वाइन ज्याची होते ते शार्डोने हे मुळात भिडस्त द्राक्ष. स्वतःचा ठसठशीत वास त्याला फारसा नाही, त्यामुळे ऊन म्हणेल ते आणि पिंप म्हणेल तेही ऐकून घेतं. मला म्हणूनच ते उन्हाने फार लाड न केलेल्या सालातलं आवडतं.

द्राक्षातला आंबटपणा मुख्यतः दोन आम्लांचा. टार्टारिक तसं चिवट असतं, पिकताना फारसं हलत नाही. मॅलिक मात्र, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, द्राक्ष पिकत असताना त्याच्या श्वसनातच खर्ची पडतं आणि हवा जितकी उबदार तितकं भराभर. गारव्यात ते शिल्लक राहतं. साखरही बेताची भरते, त्यामुळे अल्कोहोल बारा-साडेबारा टक्क्यांवर थांबतो आणि घशात जळजळ होत नाही.

पिणाऱ्याचं सुख आणि पिकवणाऱ्याचं सुख इथे वेगळं होतं. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उत्तर टोकाला असलेल्या शाब्लीत (तिथली ‘शाब्ली’ वाइन शार्डोनेचीच) एप्रिल 2021 मध्ये, वेलींना नुकते कोंब फुटलेले असताना, कडाक्याचा गारठा पडला. शेतकऱ्यांनी रात्र-रात्र ओळींमध्ये मोठाल्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या. काहींनी वेलींवर पाण्याचे फवारे मारले. कोंब वाचवायचा तर त्याच्यावरच बर्फ चढू द्यायचा, ही युक्ती ऐकायला उलटी वाटते. पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि फवारा चालू आहे तोवर आतला कोंब शून्याच्या फार खाली जात नाही. तरी पीक खूप बुडालं, उन्हाळाही गार आणि ओलसर गेला. आणि आपण काय म्हणतो? ‘वा, 2018 ते 2020 च्या उबदार सालांनंतर जुनी शाब्ली परत आली!’ मीही हेच म्हणतो, पण जरा ओशाळून.

ही वाइन जोखताना पहिली घाई फ्रीजची होते. चार अंशांवर ती नुसती गार आणि आंबट लागते. त्या गारव्यात गुण झाकले जातात, तसे दोषही. ग्लास थोडा वेळ तसाच राहू द्यावा. दहा अंशांच्या आसपास लिंबाची साल, हिरवं सफरचंद, कच्ची नाशपाती असं एकेक वर यायला लागतं.

मात्र या यादीवर मी फार विसंबत नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला बिनवासाचा लाल रंग दिला, तर वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ‘ओल्या दगडाची चव’ हेही तसंच. शाब्लीच्या चुनखडीत बारीक शिंपल्यांचे जीवाश्म आहेत हे खरं, पण वेलीची मुळं दगडाची चव शोषून द्राक्षात पोचवत नाहीत. हे माहीत असूनही माझ्या वहीत ‘खडू’ हा शब्द येतोच.

त्यापेक्षा लाळेवर विश्वास ठेवावा. घोट गिळल्यावर जबड्याच्या दोन्ही कडांना, जिभेखाली पाणी सुटतं. ते किती जोरात सुटलं यापेक्षा किती वेळ सुटत राहिलं, हे बघायचं. मग मधला भाग: आंबटपणाला धरून ठेवणारा काही भरीवपणा आहे का, की सुरुवात धारदार आणि मध्ये पोकळ? द्राक्ष कच्चंच तोडलं असेल तर आंबटपणा एकटा पडतो आणि मागून हिरवट कडवटपणा येतो. गार सालाच्या नावाखाली अशा वाइनचंही कौतुक होतं, ते मला पटत नाही.

गंमत म्हणजे बहुतेक शाब्लीतही मॅलिकचं लॅक्टिक, म्हणजे दह्यातलं सौम्य, आम्ल होऊ देतात. जिवाणू हे काम करताना डायअॅसिटिल तयार होतं, लोण्याचा तो बदनाम वास त्याचाच. चांगल्या हाताखाली धार तेवढी सौम्य होते आणि लोणी जाणवत नाही. ते जमलंय की नाही हे पहिल्या घोटात कळत नाही. ग्लासातला शेवटचा भाग चौदा-पंधरा अंशांवर आला की लपवाछपवी संपते. मी गुण देतो ते तेव्हाच. आणि तोवर ग्लासात काही उरलेलंच नसेल, तर ते गुणही पदरात टाकून देतो.