साइन रूल लावला म्हणजे चीटिंग केली का?

आमच्याकडे जळगाव-धुळ्याकडे ऑलिम्पियाडची भूमिती करणारी पोरं तशी मोजकीच, पण जेवढी आहेत त्यांच्यात दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी आकृती दिसली की कोनाला एक्स म्हणते, साइन रूल लावते आणि कागद संपेपर्यंत घासत बसते. दुसरी पार्टी पेन खाली ठेवून आकृतीकडे बघत बसते, कुठूनतरी ती एक जादूची रेघ सापडेल म्हणून. माझा भाचा अमळनेरला असतो, दहावीत आहे, तो दुसऱ्या पार्टीचा कट्टर कार्यकर्ता. त्याला परवा एक गणित त्रिकोणमितीनं करून दाखवलं तर तोंड वाकडं करून म्हणे, "मामा, हाई ते चीटिंग शे."

गणित जुनंच आहे, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्रिकोण एबीसी, एबी = एसी (आमच्याकडे मे महिन्यात एसी म्हटलं की पोरांना दुसरंच काही आठवतं, असो), कोन ए २० अंश, म्हणजे खालचे दोन्ही कोन ८०-८०. बाजू एबीवर डी असा बिंदू घ्या की एडी = बीसी. आता कोन बीडीसी किती?

माझी पद्धत अशी. कोन एसीडीला एक्स म्हणा. त्रिकोण एडीसीत साइन रूल (बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन तिन्हीकडे सारखंच येतं) लावला की एसी भागिले एडी = साइन (२० + एक्स) भागिले साइन एक्स. पण एडी म्हणजे बीसीच, आणि मोठ्या त्रिकोणातून एसी भागिले बीसी = साइन ८० भागिले साइन २०. आता साइन ८० म्हणजे कॉस १०, साइन २० म्हणजे २ साइन १० कॉस १०, कॉस १० उडाला, उरलं १ भागिले २ साइन १०. वरच्या अर्ध्याला साइन ३० म्हणा, म्हणजे उजवी बाजू झाली साइन ३० भागिले साइन १०. एक्स = १० टाकलं की डावी बाजू पण तीच. कोन बीडीसी हा त्रिकोण एडीसीचा बाह्यकोन, २० + १० = ३०. झालं.

झालं म्हणजे अगदीच झालं नाही. एक्स १० चालतो हे दिसलं, पण दुसरा कुठला चालत नाही हे कोण सांगणार? डावी बाजू मोकळी केली की साइन २० गुणिले कॉट एक्स अधिक कॉस २० येते, आणि कॉट ० ते १८० मध्ये सतत उतरतच जातो, म्हणून उत्तर एकच. ही ओळ बरीच पोरं खातात आणि मग आरएमओच्या, म्हणजे ऑलिम्पियाडच्या प्रादेशिक फेरीच्या, पेपरात मार्क का कापले म्हणून विचारतात.

आता भाच्याची पद्धत. बीसीवर आतल्या बाजूला समभुज त्रिकोण पीबीसी काढायचा. पी हा बी आणि सीपासून सारख्याच अंतरावर, ए पण तसाच, म्हणून एपी ही कोन ए दुभागते, कोन बीएपी = १०. कोन एबीपी = ८० - ६० = २०. आता त्रिकोण एबीपी आणि त्रिकोण सीएडी बघा: एबी = सीए, बीपी = बीसी = एडी, आणि मधला कोन दोन्हीकडे २०. बाकोबा कसोटीनं एकरूप, म्हणून कोन एसीडी = कोन बीएपी = १०. साइन नाही, कॉस नाही, नववीतल्या पोराला पण कळेल. सुंदर आहे, यात वादच नाही.

पण मी त्याला एकच विचारलं, समभुज त्रिकोण काढायचा हे तुला सुचलं कसं? तर म्हणे सुचलं नाही, पाठ होतं. बरं, मग ज्याला पाठ नाही त्यानं काय करायचं?

माझं म्हणणं इथंच आहे. त्रिकोणमितीची ती घासाघीस नीट वाचली तर रचना तिच्यातच सापडते. वर आपण दोन कामं केली. साइन ८० भागिले साइन २० फोडून २ साइन १० काढलं, म्हणजेच समद्विभुज त्रिकोण मधोमध कापला, ए पासून लंब टाकला, १०-१० केले. आणि अर्ध्याला साइन ३० म्हटलं. आता भूमितीत ३० अंशासमोर कर्णाच्या अर्धी बाजू येते ती कशामुळे? तो समभुज त्रिकोणाचा अर्धा भाग असतो म्हणून. म्हणजे तुमच्या वहीत एक द्वितीयांशचा साइन ३० झाला त्याच क्षणी आकृतीत कुठंतरी समभुज त्रिकोण हवाय अशी चिठ्ठी मिळाली. कुठं काढायचा हे तुम्ही ठरवा, जागा दोन-चारच असतात, सगळ्या करून बघितल्या तरी तासाभरात भागतं.

आणि चीटिंगचं म्हणाल तर साइन रूल आला कुठून? बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन = परिवर्तुळाचा व्यास. म्हणजे अंतर्लिखित कोनाचं प्रमेयच, कपडे बदललेलं. साइनच्या बेरजेचं सूत्र घ्या, चक्रीय चौकोनावरच्या टॉलेमीच्या प्रमेयातून ते निघतं. हा वाद घालणाऱ्या खान्देशी माणसानं एकदा चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन यावं, तिथं १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत १८ आणि ३६ अंशांच्या साइनच्या बरोब्बर किमती दिल्यात, वर्गमूळ ५ सकट. आपल्याच भागात एवढं असताना त्रिकोणमितीला परकी समजायचं म्हणजे कमाल आहे.

अर्थात सगळीकडे साइन घेऊन धावणं पण वेडेपणाच. सिमसन रेषा घ्या, परिवर्तुळावरच्या बिंदूतून तिन्ही बाजूंवर लंब टाकले तर पायथे एका रेषेत येतात. दोन चक्रीय चौकोन दिसले की पाच ओळीत संपतं, तिथं साइन काढून बसणाऱ्याला मी चहा पण विचारत नाही. उलट मोर्लेचं प्रमेय, १८९९ चं, त्रिकोणाच्या कोनांचे तीन-तीन सारखे भाग करा, शेजारशेजारचे दुभाजक... सॉरी, त्रिभाजक जिथं भेटतात ते तीन बिंदू समभुज त्रिकोण करतात. त्रिकोणमितीनं त्याची बाजू येते ८ आर गुणिले तिन्ही कोनांच्या तिसऱ्या भागांचे साइन (आर म्हणजे परिवर्तुळाची त्रिज्या). या राशीत ए, बी, सी तिघांना सारखाच मान, म्हणून तिन्ही बाजू समान, विषय संपला. शुद्ध भूमितीनं पण होतं, पण तिथं बहुतेक सिद्धता उलट्या दिशेनं चालतात, आधी समभुज त्रिकोण घेऊन भोवती मोठा त्रिकोण बांधत न्यायचा.

परीक्षेपुरतं सांगायचं तर आयओक्यूएममध्ये, म्हणजे ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता फेरीत, ३० प्रश्न, ३ तास, उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक, पद्धत कोणी बघत नाही, तिथं खुशाल घासा. बोर्डात साइन रूल बारावीला येतो पण दहावीच्या पोराला एका संध्याकाळी शिकवता येतो, त्यासाठी थांबू नका. आरएमओत सिद्धता लिहायची असते, तिथं पण त्रिकोणमिती चालते, फक्त वरच्यासारखी "उत्तर एकच का" ही ओळ विसरायची नाही.

भाच्याला आता लँगलीचा १९२२ चा प्रश्न दिलाय. तोच ८०-८०-२० चा त्रिकोण, ए ला २०. डी एसीवर, कोन डीबीसी = ६०. ई एबीवर, कोन ईसीबी = ५०. कोन बीडीई काढा. उत्तर सांगूनच टाकलंय, ३०, कारण उत्तर नकोच आहे. त्याला सांगितलं आधी साइननं कर. बीई = बीसी हे कोन मोजले की लगेच दिसतं, मग त्रिकोण बीडीईत साइन (२० + एक्स) भागिले साइन एक्स = २ कॉस ४० येतं, आणि २ कॉस ४० म्हणजे साइन ५० भागिले साइन ३०. परत तोच अर्धा, परत साइन ३०. आता समभुज त्रिकोण कुठं बसवायचा ते त्यानं शोधायचं. एवढंच सांगितलंय की बीई ही त्याची एक बाजू आहे आणि तिसरा कोपरा एसीवर पडतो.