तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी गर्दी, मग मुलं कमी कशी?

महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवला आणि जनगणनेच्या ड्युटीत परळच्या चाळी पालथ्या घातल्या, एवढ्या भांडवलावर लोक मला लोकसंख्येतली जाणकार समजतात. प्रश्न ठरलेला असतो. "बाई, दादरला गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि पेपरात येतं की मुलं कमी जन्मताहेत. यातलं खरं काय?"

दोन्ही खरं. गर्दीचा आणि पाळण्याचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा जवळचा नाही.

आधी आकडे उरकते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशात एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं व्हायची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २.० निघाला, महाराष्ट्रात १.७. आईबापांची जागा भरून निघायला २.१ लागतात. तरीही माणसं वाढतात, कारण मोठ्या कुटुंबांच्या काळात जन्मलेल्यांच्या मुली-नाती आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला एक-दोनच झाली तरी आयाच भरपूर आहेत. शिवाय माणूस जगतो जास्त. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ होतं, आता ते सत्तरीला टेकलंय.

आता दादर. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजार झाली. घटली! हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण लालबागची खोली विकून डोंबिवलीला, विरारला कोण कोण गेलं ते आठवा. त्याच जनगणनेत ठाणे जिल्हा, पालघर तेव्हा त्यातच होता, १ कोटी १० लाखांवर जाऊन देशात पहिला आला. नोकरी मात्र राहिली दक्षिण मुंबईतच. डोंबिवलीला गेलेला माणूस जनगणनेत एकदा मोजला जातो आणि लोकलमध्ये रोज दोनदा.

पण मला खरं बोलायचंय ते वयाबद्दल, कारण गर्दीच्या नादात तेच कोणी बघत नाही.

मुंबई मोठी झाली ती बाहेरच्या तरुणांवर. १९२१च्या जनगणनेत शहरातल्या दर पाचांतले चारांहून जास्त बाहेर जन्मलेले होते. गिरणीतला कोकणी माणूस ऐन उमेदीत यायचा, गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा, मनीऑर्डर पाठवायचा. बायको, पोरं आणि म्हातारे गावाला. साठीला आला की तोही बोटीने, पुढे एसटीने परत. त्याचं बाळपण गावानं काढलं, म्हातारपणही गावानंच काढलं. मधली कमावती वर्षं तेवढी मुंबईनं घेतली. असा फायद्याचा सौदा दुसऱ्या कुठल्या शहराला मिळाला असेल तर मला माहीत नाही. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि मुंबई शहरात ८३२. ते या सौद्याचंच उरलेलं बिल.

१९८२चा गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या गेल्या, कुटुंबं इथेच वसली. परतीची वाटही आटली. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गावच्या घराचं कुलूप गणपतीला उघडतं आणि शिमग्याला. तिथे परत जाऊन औषधाला पाणी कोण देणार? म्हणून या शहराला आता प्रथमच स्वतःच्या म्हाताऱ्यांबरोबर राहायला शिकायचंय, आणि तेही लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर.

घरातही हिशेब बदललाय. माझ्या आईच्या दुखण्यात आम्ही भावंडांनी हॉस्पिटलच्या रात्री वाटून घेतल्या, भांडत का होईना. आज एकुलता एक मुलगा आणि एकुलती एक मुलगी लग्न करतात, तेव्हा दोघांच्या वाट्याला चार म्हातारे येतात आणि वाटून घ्यायला तिसरं कोणी नसतं. पुढच्या पिढीला ना सख्खा काका, ना मावशी. मग आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून बाई येते, बारा तासांची नाहीतर चोवीस तासांची. तिला कधी विचारा, तुझ्या सासूकडे कोण बघतं म्हणून. बहुतेक वेळा उत्तर येतं, "मोठी मुलगी आहे ना घरी." ही मोठी मुलगी शाळेत असायला हवी होती, हे मी शिक्षिका असल्यामुळे म्हणते असं नाही.

आणखी एक. बायका जास्त जगतात आणि लग्न आपल्याहून मोठ्याशी करतात. त्यामुळे नवऱ्याचं सगळं करून शेवटी एकटी उरते ती बहुधा बाईच, तीही स्वतःची पेन्शन नसलेली.

"मग जास्त मुलं व्हायला हवीत का?" हा पुढचा प्रश्न. २०२४ साली दक्षिणेतले दोन मुख्यमंत्री तसं बोलले. आपल्याकडे नियम उलटा: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर नगरसेवकपदाची निवडणूक लढवता येत नाही. मला दोन्ही खटकतं. १९२१ सालीच र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि समाजाच्या शिव्या खाल्ल्या. किती मुलं हे बाईच्या हातात यावं, एवढंच त्या खटपटीचं सार होतं. शंभर वर्षांनी पुन्हा तिला कोटा ठरवून द्यायचा? खोलीचं भाडं, पाळणाघर, शाळेची फी आणि दोन वेळचा लोकलचा प्रवास बघून ती एकावर थांबते. यात तिचं कुठे चुकलं, मला तरी दिसत नाही.

बदलायचं ते घराबाहेरचं. शहराचे फुटपाथ, पुलांचे जिने, बसची पहिली पायरी, सगळं तिशीतल्या धडधाकट माणसासाठी आहे. सध्या जिथे तिथे पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. मी जाते तिथे तासभर कार्पेट एरिया आणि पार्किंगवर वाद होतो. तुमच्याकडे झाली तर बिल्डरला एवढंच विचारा: लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का?