कॅशेतील डेटा सापडत नाही, असे अडॅप्टर म्हणतो तेव्हा

वीज गेल्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू होताना काळ्या पडद्यावर स्टोरेज अडॅप्टरचा (सर्व्हर आणि डिस्क यांच्यामधील कार्डाचा) संदेश येऊन थांबतो: जोडलेल्या डिस्कशी संबंधित कॅशे डेटा सापडत नाही, पुढे जायचे का? एव्हाना सगळे काम खोळंबलेले असते, त्यामुळे हात आपसूक कळीकडे जातो. बहुतेक वेळा सर्व्हर सुरू होतोही. मात्र त्या एका कळीने आपण डेटा गेल्याचे मान्य करून टाकतो आणि तो परत मिळवण्याची वाट बंद होते. म्हणून आधी एक प्रश्न सोडवावा, असे माझे मत आहे: हरवले आहे ते नेमके कोणत्या बाजूचे?

अडॅप्टर राइट-बॅक पद्धतीने चालत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला डेटा तो आधी स्वतःच्या मेमरीत, म्हणजे कॅशेत, घेतो, लिहून झाल्याचे लगेच कळवतो आणि प्रत्यक्ष डिस्कवर सवडीने, स्वतःच्या क्रमाने उतरवतो. मधल्या काळात वीज गेली, तर त्या मेमरीतील डेटा बॅटरीच्या जोरावर टिकतो. नव्या अडॅप्टरांत सुपरकपॅसिटरच्या (थोडा वेळ वीज साठवणाऱ्या घटकाच्या) शक्तीवर तो फ्लॅशमध्ये, म्हणजे विजेशिवाय टिकणाऱ्या मेमरीत, उतरवला जातो. यातून दोन परस्परविरुद्ध प्रसंग उद्भवतात. पहिल्यात अडॅप्टरकडे डेटा असतो, पण तो ज्या डिस्कवर जायचा त्या दिसत नसतात. दुसऱ्यात डिस्क जागेवर असतात, पण त्यांच्यावरील नोंदीनुसार अडॅप्टरकडे जो डेटा असायला हवा, तो नसतो. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवरील सास रेड अडॅप्टर (सास ही डिस्क जोडण्याची पद्धत, तर रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणे) हा फरक क्रमांकांनीच सांगतात: 9010 म्हणजे जोडलेल्या डिस्कचा कॅशे डेटा सापडत नाही, 9011 म्हणजे कॅशेतील डेटा जोडलेल्या डिस्कचा नसून दुसऱ्याच डिस्कचा आहे, तर 9050 म्हणजे एक किंवा अधिक अ‍ॅरेंसाठी (एकत्र बांधलेल्या डिस्कसंचांसाठी) आवश्यक असलेला कॅशे डेटा मिळत नाही. मेगारेड या दुसऱ्या घराण्यातील अडॅप्टर पहिल्या प्रसंगाला ‘प्रिझर्व्हड् कॅश’ म्हणतात आणि स्टोअरसीएलआय या त्यांच्या आज्ञावलीतून त्याची यादी पाहता येते.

पहिला प्रसंग सुदैवाचा म्हणावा लागेल. केबल, बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ती पाटी) आणि डिस्क असलेल्या बाहेरील पेटीचा वीजपुरवठा तपासावा. पेटी सर्व्हरनंतर सुरू झाली, एवढ्याशा कारणानेही हा प्रसंग येतो. डिस्क परत दिसू लागल्या की अडॅप्टर शिल्लक डेटा त्यांच्यावर उतरवतो. याच वेळी ‘डिस्कार्ड’ निवडणे म्हणजे हातातला डेटा टाकून देणे होय.

दुसरा प्रसंग कठीण आहे. तरीही डेटा गेलाच असे लगेच समजू नये. कार्ड नुकतेच बदलले होते का, डिस्क एका सर्व्हरमधून काढून दुसऱ्यात घातल्या होत्या का, हे आधी विचारावे. तसे असेल तर हरवलेला डेटा जुन्या कार्डावरील कॅशे मॉड्यूलमध्ये अजूनही असू शकतो आणि मूळ कार्ड, मूळ मॉड्यूल व मूळ डिस्क पुन्हा एकत्र आणल्यास तो मिळू शकतो. इथे घड्याळ महत्त्वाचे ठरते. अनेक अडॅप्टरांच्या बॅटरीकडून साधारण 48 ते 72 तासांची अपेक्षा धरली जाते आणि जुनी झालेली बॅटरी तेवढीही टिकत नाही. डेटा फ्लॅशमध्ये उतरला असेल, तर मात्र इतकी घाई नसते. काहीही असो, काढून ठेवलेल्या कार्डाची बॅटरी ‘तपासून पाहू’ म्हणून सोडवू नये.

यानंतर अडॅप्टरचा लॉग वाचावा. मेमरी किंवा बॅटरीतील बिघाडामुळे कॅशे टाकून दिला, फर्मवेअरची (अडॅप्टरमधील अंगभूत सॉफ्टवेअरची) आवृत्ती न जुळल्यामुळे टाकून दिला, की कॉन्फिगरेशन न जुळल्यामुळे तो परत घेता आला नाही, हे मेगारेडच्या लॉगमध्ये वेगवेगळे नोंदलेले असते. वाचताना एक गोष्ट गोंधळात टाकते. सुरुवातीच्या नोंदींवर तारीख-वेळ नसते, तर अडॅप्टर सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले एवढेच असते, कारण त्याला खरी वेळ यजमान सर्व्हरकडून नंतर मिळते. नेमक्या आपल्याला हव्या असलेल्या नोंदी याच भागात असतात, त्यामुळे तारखेनुसार शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत.

सगळे करूनही डेटा मिळाला नाही, तर नुकसान मान्य करावेच लागते. आयबीएमच्या अडॅप्टरांत त्यासाठी कॅशे स्टोरेज ‘रिक्लेम’ करण्याचा पर्याय आहे. पुढची गफलत इथे होते: फाइल सिस्टिमला जर्नल (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणारी वही) आहे, ती सावरून घेईल, असे गृहीत धरले जाते. जर्नलचा सगळा भरवसा लिहिण्याच्या क्रमावर असतो आणि तो क्रम पाळल्याची ग्वाही अडॅप्टरने कॅशेच्या बळावर दिलेली असते. कॅशेच गेला की जर्नलमधील एखादी नोंद डिस्कवर नाही, पण तिच्यानंतरचा बदल मात्र पोहोचला आहे, अशी स्थिती होऊ शकते. म्हणून जागा असेल तर आधी संपूर्ण व्हर्च्युअल डिस्कची (अडॅप्टर सर्व्हरला एकच डिस्क म्हणून दाखवतो त्या संचाची) ब्लॉक पातळीवर प्रत घ्यावी. केवळ ‘रीड-ओन्ली’ माउंट करणे (फक्त वाचण्यासाठी जोडणे) पुरेसे नाही, कारण एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टिम तसे करतानाही जर्नल पुन्हा चालवते. तिथे सोबत ‘नोलोड’, तर एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय द्यावा लागतो. तपासणीही आधी काहीही न बदलणाऱ्या पद्धतीने करावी.

डेटाबेसचे तेच. एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याची आज्ञा) यशस्वी झाल्याचे त्याला सांगितले गेले होते, त्यामुळे नोंद पक्की झालेले व्यवहारही गायब असू शकतात. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस विनातक्रार सुरू झाला, यावर मी समाधान मानत नाही. प्रतीवर पूर्ण डंप (सगळ्या डेटाची निर्यात) घेतला की प्रत्येक टेबल वाचले जाते, मात्र इंडेक्स त्यात तपासले जात नाहीत, त्यासाठी अ‍ॅमचेक हे त्याचे तपासणी-साधन वेगळे चालवावे लागते.

रेड 5 किंवा 6 असेल, तर पॅरिटीही (डिस्क बिघडल्यास डेटा परत उभारण्यासाठीची जादा माहिती) जुळत नसण्याची शक्यता असते. पण दोन्ही ताडून पाहणारा कन्सिस्टन्सी चेक सर्वात शेवटी चालवावा. डेटा आणि पॅरिटी यांतले बरोबर कोण हे त्याला कळत नाही. तो डेटा खरा धरून पॅरिटी नव्याने लिहितो. बॅटरी बदलून तिची चाचणी पूर्ण होईपर्यंत अडॅप्टर राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीवर) ठेवावा आणि बॅटरी नसतानाही राइट-बॅक चालू ठेवणारा पर्याय पूर्वी कोणी वेगासाठी निवडून ठेवला आहे का, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे.