लेकीच्या पापण्यांची निगा
परभणीच्या उन्हाळ्यात धूळ आणि घाम वाढला की आमच्या लेकीच्या पापण्यांच्या कडा लाल होतात, सकाळी केसांच्या मुळाशी पिवळसर खपल्या चिकटलेल्या दिसतात आणि मधूनच रांजणवाडीही येते. पापणीच्या कडेला तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. ते तेल घट्ट होऊन त्यांची तोंडे बुजतात, म्हणून सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ सुती कापडाने ५ ते १० मिनिटे शेकून कडा हलक्या हाताने पुसाव्यात. डोळे बरे दिसू लागले तरी हे सोडू नये. खरी कसोटी तिथेच लागते. स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर आणून घालणे धोक्याचे आहे, कारण त्याने डोळ्यातील दाब वाढू शकतो. उजेड सहन होईना किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.