घरगुती एलईडी पॅनेल, नोंद तिसरी: टेंपरेचर गनने मला कसं फसवलं

मागच्या नोंदीत प्लेटला भोकं पाडून झाली होती आणि पुढच्या रविवारी पॅनेल पेटेल असं मी छातीठोकपणे लिहून टाकलं होतं. पेटलं. पाच रविवारांनी.

आधीच्या नोंदी चुकल्या असतील त्यांच्यासाठी मांडणी थोडक्यात: ३० बाय ४० सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियम प्लेट. तिच्यावर सहा ओळी, ओळीत सहा, असे ३६ एलईडी, प्रत्येक आपापल्या स्टारवर, म्हणजे छोट्या षटकोनी धातूच्या बोर्डवर. बारा-बाराच्या तीन माळा. माळेत सगळे सिरीजमध्ये (एकामागोमाग एक), तिन्ही माळा एकमेकींना पॅरलल (करंट तिघींत वाटला जातो), आणि सगळ्यांवर मिळून २.१ अँपिअरचा एकच कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे ठरलेला करंट ढकलत राहणारा वीजपुरवठा. हिशेबाने प्रत्येक माळेला ०.७ अँपिअर आणि ३६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे एकूण पंच्याहत्तर वॅट. टेबलावरच्या बारीकसारीक वस्तूंचे फोटो काढायला इतका उजेड पुरून उरतो.

पहिला रविवार डाग देण्यात गेला. मी शहाणपणा करून सगळे स्टार आधी उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून प्लेटवर आवळले आणि मग सोल्डरिंग गन हातात घेतली. २५ वॅटची गन आणि तीन मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम! टोक टेकवलं की उष्णता खाली गडप. सोल्डर पसरायचं नाही, नुसता करडा, खडबडीत गोळा होऊन बसायचं. वरून चिकटल्यासारखं दिसलं तरी नखाने टिचकी मारली की टक्कन सुटायचं. शेवटी सगळे काढले, लाकडी फळीवर ठेवून वायरी जोडल्या आणि मग पुन्हा आवळले. पेस्टचा कुटाणा दोनदा झाला. तुम्ही हा क्रम सुरुवातीपासूनच पाळा.

तरी एक कच्चा डाग राहिलाच, आणि त्याने मला चांगलाच धडा शिकवला. चाचणी चालू असताना एक माळ विझली. माझी अपेक्षा होती की उजेड एक तृतीयांश कमी होईल. पण उरलेल्या दोन माळा एकदम प्रखर झाल्या. ड्रायव्हरला कोण मेलं, कोण जगलं याच्याशी देणंघेणं नाही, त्याला २.१ अँपिअर ढकलायचे एवढंच ठाऊक. तिघींचं ओझं दोघींवर आलं, म्हणजे प्रत्येकी १.०५. आणखी एक गेली असती तर तिसरीच्या नशिबी सगळे २.१, आणि मग तिचंही उत्तरकार्य. आता प्रत्येक माळेला १ अँपिअरचा फ्यूज घातलाय. १.०५ ला तो उडेलच असं नाही, पण २.१ ला फार काळ टिकणार नाही.

आता मूळ विषय. पॅनेल पेटलं, अर्धा तास ठेवलं, इन्फ्रारेड टेंपरेचर गन रोखली. ४१ अंश. खोलीत २८ होते, म्हणजे फक्त तेरा अंशांची वाढ! पंख्याची गरज नाही, फिन (उष्णता हवेत सोडणाऱ्या उभ्या पट्ट्या) नकोत, मी थोर आहे, अशा विचारात कडेला बोट टेकवलं आणि चटका बसून मागे घेतलं. ४१ अंशाला चटका बसत नाही.

प्लेटच्या मागच्या बाजूला काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवला, मिनिटभर थांबलो, गन अगदी जवळ नेऊन त्यावर रोखली. ७१. गन तुकड्यावरून दोन बोटं बाजूला सरकवली, परत ४१. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःहून फार कमी इन्फ्रारेड सोडतं आणि समोरचं बरंचसं परावर्तित करतं. गन मला प्लेटचं कमी आणि प्लेटच्या आरशात दिसणाऱ्या भिंतीचं तापमान जास्त सांगत होती. काळी टेप मात्र प्रामाणिक. प्लेट ७१ म्हणजे आतली चिप त्याहून पंधरा-वीस अंश वर धरायची, कारण मध्ये स्टार आणि पेस्टचे थर आहेत. पंच्याहत्तर वॅटमधल्या निम्म्याहून अधिकाची शेवटी उष्णताच होते, ती कुठेतरी जायला हवी.

मग टेपचे नऊ तुकडे लावून प्लेटचा नकाशाच काढला. मध्यभागी ७१, कोपऱ्यांत ५७. मध्य गरम असणार हे मान्य, पण चौदा अंशांचा फरक मला जास्त वाटला. म्हणून एकेका माळेत मल्टीमीटर घालून करंट मोजला: वरची ०.६६, मधली ०.८६, खालची ०.५८. बेरीज बरोबर २.१, वाटणी मात्र पार बिघडलेली.

दोन कारणं एकमेकांत गुंतली होती. माझ्याकडे एलईडी दोन पाकिटांतून आले होते, आणि मी आळसाने दुसरं पाकीट अख्खं मधल्या माळेत लावलं होतं. त्यांचा फॉरवर्ड व्होल्टेज (एलईडी पेटलेला असताना त्याच्यावर पडणारा व्होल्टेज) मुळातच थोडा कमी, त्यामुळे करंट तिकडे धावणार. त्यात ती माळ मधल्या दोन ओळींत, सगळ्यात गरम जागी. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज अंशामागे दोन-चार मिलिव्होल्ट उतरतो. बारा एलईडी आणि चौदा अंश असा हिशेब करा, अर्धा व्होल्ट सहज होतो. जास्त करंट, जास्त उष्णता, आणखी कमी व्होल्टेज, आणखी जास्त करंट.

पहिला उपाय म्हणून प्रत्येक माळेला १ ओहमचा रेझिस्टर लावला. फरक जेमतेम. नंतर डोक्यात प्रकाश पडला: माळेचा स्वतःचाच डायनॅमिक रेझिस्टन्स (करंट वाढला की व्होल्टेज किती वाढतो, त्याचं माप) पाचेक ओहम भरतो, त्यात एकाची भर घालून वाटणी काय सुधारणार? सुधारायला मोठा रेझिस्टर हवा, आणि तेवढे वॅट फुकट जाळायची माझी तयारी नव्हती.

मग खरी मेहनत. छत्तीसच्या छत्तीस एलईडी सुटे करून ०.७ अँपिअरवर एकेकाचा व्होल्टेज घेतला. चालू केल्यावर बरोबर दोन सेकंदांनी आकडा टिपायचा, कारण थांबलात तर तो तुमच्या डोळ्यांदेखत घसरत राहतो. २.९१ पासून ३.१८ पर्यंत सगळे नमुने निघाले. मागे पेन्सिलने आकडे लिहिले आणि तिन्ही माळांची बेरीज जुळेल असे गट पाडले. जोडणीही बदलली. आता माळ सलग ओळींतून जात नाही, नागमोडी फिरते, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला थोडा मध्य, थोडी कड. नवे आकडे: ०.७१, ०.७०, ०.६९.

एक फायदा अनपेक्षित झाला. दुसऱ्या पाकिटाचा उजेड किंचित हिरवट आहे. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत पांढऱ्या कागदाच्या मधोमध पट्टा यायचा. दोन्ही पाकिटं मिसळल्यावर तो गेला. लाल कापड मात्र अजून मळकट येतं, त्याला इलाज एलईडी बदलणं हाच, आणि सध्या तरी ते होणे नाही.

मागे फिन म्हणून सात यू-चॅनेल (यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या) उभे, पेस्ट लावून स्क्रूने आवळले आणि पाठ मॅट काळी रंगवली. तासाभराने मध्यभागी ५४. ओपल (दुधी) अ‍ॅक्रिलिकची पेटी चढवल्यावर ६०, तेही वर-खाली हवेला फटी ठेवून. अ‍ॅक्रिलिक अडीच सेंटिमीटरवर होतं तेव्हा छत्तीस ठिपके सरळ मोजता यायचे, साडेसहावर पुसले गेले. ७० अंशाला तोडणारा थर्मल स्विच ड्रायव्हरच्या इनपुटला आहे. प्लेटला अर्थिंग केलं आहे आणि एलईडीच्या कुठल्याही टोकाचा प्लेटशी संबंध नाही ना, हे मल्टीमीटर बीपवर लावून तपासलंय. एका वायरीची सुटलेली तार केसाएवढ्या अंतरावर सापडली, हे सांगायला लाज वाटते.

डिमरचा पोटेन्शिओमीटर (उजेड कमी-जास्त करायला फिरवायचा रेझिस्टर) बसवायचा राहिलाय. शंभर किलोओहमचा लागतो, माझ्या डब्यात दहाचेच निघाले.