तुमच्या मेन्यूची थीम कुठली?

माझा लिनक्स डेस्कटॉप पाहिला की हा प्रश्न हमखास येतो. मेन्यूत 'लिखाण', 'हिशेब', 'खटपट' असे कप्पे, प्रत्येकाचा आयकॉन वेगळा. ही थीम उतरवली कुठून? थीम नाही हो ती. साध्या टेक्स्ट फाइली आहेत.

मेन्यू ही कुठेतरी लिहून ठेवलेली एक यादी असते असं मलाही आधी वाटायचं. तसं नसतं. प्रत्येक प्रोग्राम 'डॉट डेस्कटॉप' नावाने संपणारी एक छोटी फाइल सोबत आणतो. त्यात 'नेम', 'एक्झेक', 'आयकॉन', 'कॅटेगरीज' अशा ओळी असतात आणि डेस्कटॉप त्या वाचून मेन्यू जुळवतो. कॅटेगरीजच्या ओळीत 'ऑफिस', 'ग्राफिक्स', 'युटिलिटी' असे ठरलेले शब्द अर्धविरामांनी तोडून लिहिलेले असतात. ओळखीचा शब्दच सापडला नाही तर ॲप बहुधा 'इतर'मध्ये जाऊन पडतं. शब्द बदला, कप्पा बदलतो.

फक्त मूळ फाइलीला हात लावू नका. सिस्टीमच्या फोल्डरमधल्या फाइली मी एकदा रात्र जागून सुधारल्या होत्या. पुढच्याच अपडेटने त्या धुऊन काढल्या. फाइलीची नक्कल होम फोल्डरमधल्या 'डॉट लोकल'च्या आत, 'शेअर'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ठेवायची. नाव अगदी तेच हवं, म्हणजे तुमची नक्कल मुळाला झाकते. झाकते म्हणजे पूर्ण झाकते, बरं का. उद्या प्रोग्राम चालवायची कमांड बदलली तरी तुमची नक्कल जुनीच कमांड धरून बसणार. एखादं ॲप अपडेटनंतर मेन्यूतून उघडेनासं झालं, की मी आधी माझ्याच नकलेवर संशय घेतो.

नको असलेली ॲप्स लपवताना 'नोडिस्प्ले' वापरा, 'हिडन' नको. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच, पण 'नोडिस्प्ले'ने ॲप फक्त मेन्यूतून जातं. 'हिडन' म्हणजे ते तुमच्यापुरतं पुसलंच. मी पीडीएफ वाचायच्या प्रोग्रामला 'हिडन' लावलं आणि मग डबल क्लिक केल्यावर पीडीएफ भलत्याच ॲपमध्ये का उघडतेय म्हणून डोकं खाजवत बसलो.

आयकॉनच्या ओळीत बहुतेक वेळा नुसतं नाव असतं, पुढे एसव्हीजी की पीएनजी असा चित्राच्या फाइलीचा प्रकार काही नाही. ते नाव आधी चालू थीममध्ये शोधलं जातं, मग ती थीम जिच्यावर बेतलेली आहे तिच्यात, आणि शेवटी 'हायकलर' नावाच्या सगळ्यांच्या आधाराच्या थीममध्ये. म्हणून आपलं चित्र जुन्याच नावाने हायकलरमध्ये टाकून उपयोग नाही. चालू थीममध्ये ते नाव असेल तर तिचंच चित्र दिसणार. चित्राला नवं नाव द्या आणि आयकॉनच्या ओळीत ते लिहा. चित्राचा पूर्ण पत्ताही देता येतो, पण मी तो डाउनलोड्समधला दिला होता. फोल्डर साफ केलं, आयकॉन गेला.

'लिखाण'सारखा स्वतःचा कप्पा मात्र जरा जास्त काम मागतो. त्याचं नाव नि आयकॉन 'डॉट डिरेक्टरी' फाइलीत, आणि आत कोणी बसायचं ते एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेल्या 'डॉट मेन्यू' फाइलीत. हे हाताने लिहायचा हट्ट धरू नका. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर मेन्यू बदलायचा केमेन्यूएडिट हा प्रोग्राम आहे, एक्सएफसीई डेस्कटॉपवर त्याच कामाचा मेन्यूलिब्रे चालतो; तोच हे सगळं लिहून देतो. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये असा कप्प्यांचा मेन्यूच नसतो. तिथे ॲप्सच्या जाळीत एका आयकॉनवर दुसरा ओढून टाकला की फोल्डर होतं, त्याला नाव द्यायचं.

आणि थीमचंच विचाराल तर, डिस्ट्रोसोबत, म्हणजे लिनक्सच्या तयार संचासोबत, आली तीच आहे. अजून बदललेली नाही.